नट सैल सोडून प्रीलोड बसत नाही

जीपचं मागचं हौसिंग (मागची चाकं फिरवणाऱ्या क्राऊन आणि पिनियन या दोन गिअरांचा डबा) रडायला लागलं की सोलापुरात सल्ल्यांना तोटा नाही. कुणी म्हणतं, 90 नंबरऐवजी 140 चं ऑइल टाका, आवाज बसेल. कुणी म्हणतं, क्राऊन-पिनियनची जोडीच बदला, झंझट नको. आणि एक सल्ला कायम ठरलेला : "असू दे की मालक, जीप हाय, आवाज करणारच." हा शेवटचा निदान फुकटचा तरी आहे. जाड ऑइलनं आवाज दबतो, रोग तसाच राहतो. जोडी बदलण्यात पैसे जातात, आणि नवी जोडी जुन्याच पद्धतीनं बसवली तर काही दिवसांनी तीही रडायला लागते. माझ्या जीपला खरा प्रश्न होता प्रीलोडचा, म्हणजे पिनियनची बेअरिंगं एकमेकांवर किती ताणून बसवलीत त्याचा.

माझी जीप महिंद्राची, सीजे-3बी, उंच बॉनेटवाली. विलीज कंपनीनं हे मॉडेल अमेरिकेत 1953 साली काढलं. आत एफ-हेड इंजिन बसवायचं होतं, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. हे इंजिन आधीच्यापेक्षा उंच, म्हणून बॉनेट उचलावं लागलं. तिकडं ते मॉडेल केव्हाच बंद झालं, आपल्याकडं महिंद्रानं त्याच घराण्याच्या जीपा पुढं कित्येक वर्षं काढल्या. पंचायत समिती, साखर कारखान्याचं शेती खातं, निवडणुकीतला भोंगा, सगळीकडं ह्याच. माझी मंगळवेढ्याकडच्या एका शेतकऱ्याकडून आली. ज्वारीची पोती भरलेली ट्रॉली ओढण्यात तिचं आयुष्य गेलं, तेही पावसाळ्यानंतरच्या काळ्या रानातून. मागच्या हौसिंगचे हाल झालेच असणार हे घेतानाच माहीत होतं.

होटगी रोडला चाळीसच्या पुढं गेलं की आवाज सुरू व्हायचा. अॅक्सिलरेटर दाबलेला असताना एक सूर, पाय काढला की दुसरा. दातांची झीज असली तरी असं होतं, म्हणून नुसत्या आवाजावर निकाल देऊ नये. खाली झोपा, इंजिनाकडून मागं येणारा प्रोपेलर शाफ्ट सोडवा आणि पिनियनचा योक (तो शाफ्ट जिथं जोडतात ते टोक) हातात धरून वर-खाली, पुढं-मागं हलवून बघा. माझा योक टक् टक् वाजत होता. अख्खा पिनियन जागेवर हलतोय म्हटल्यावर दातांना बोल लावण्यात अर्थ नव्हता.

थोडं आतलं सांगतो, कारण पुढचा सगळा वाद त्यावर आहे. क्राऊनला 43 दात, पिनियनला 8. चाकाच्या एका फेऱ्यात पिनियन 5.38 फेरे घेतो. 6.00-16 चा टायर धरला तर साठच्या वेगाला पिनियन मिनिटाला सुमारे 2400 फेरे फिरतो. त्याला धरणारी बेअरिंगं दोन, दोन्ही टेपर रोलर, एकमेकांच्या उलट्या तोंडानं बसवलेली. (टेपर रोलरचं पेटंट हेन्री टिमकेननं 1898 साली घेतलं. त्याच नावाची बेअरिंगं आज आपल्या जमशेदपूरला बनतात.) गाडी ओढत असते तेव्हा दातांचा तिरकेपणा पिनियनला क्राऊनपासून लांब ढकलतो. पाय काढला की तोच पिनियन क्राऊनकडं ओढला जातो. बेअरिंगांत दोन-चार थाऊचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असला तरी (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पिनियन प्रत्येक वेळी तेवढा सरकतो आणि दात भलत्याच जागी टेकतात.

बरं, प्ले शून्य करून भागतं का? नाही. जोर आला की लोखंडही किंचित दबतं. एका बेअरिंगवर भार पडला की समोरचं मोकळं होतं. म्हणून प्ले संपल्यावरही आणखी थोडं आवळून दोन्ही बेअरिंगं एकमेकांवर ताणून ठेवायची. हाच प्रीलोड. माझा धंदा पॉवरलूमच्या सुट्या भागांचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, त्यामुळं मला हे मागावरच्या ताण्यासारखं वाटतं : ढिला सुटला तर कापड बिघडतं, जास्त ओढला तर सूत तुटतं, आणि बरोबर ताण नुसत्या डोळ्याला दिसत नाही. प्रीलोड जास्त झाला तर बेअरिंग तापतं, रोलर निळे पडतात, रेसवर खड्डे येतात. कमी झाला तर काय होतं ते मी रोज ऐकतच होतो.

आता हा ताण ठरवतो कोण? या जीपच्या मागं स्पायसर 44 हौसिंग आहे. त्यात पिनियनच्या शाफ्टला एक खांदा आहे. खांद्यावर शिमा, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, शिमांवर बाहेरच्या बेअरिंगचा कोन (आतली कडी), त्यावर योक, वॉशर, नट. नट पूर्ण आवळला की हा सगळा ढीग खांद्यावर दाबून बसतो. दोन कोनांमधलं अंतर ठरवतात त्या शिमा. शिम काढली की कोन जवळ येतात, प्रीलोड वाढतो. शिम घातली की कमी होतो. नटाच्या हातात यातलं काहीच नाही. त्यानं ढीग घट्ट धरून ठेवायचा, बास. आणि तोही 200 ते 220 फूट-पौंडानं, म्हणजे आपल्या हिशोबात साडेसत्तावीस ते तीस किलो-मीटर (एक मीटर लांब पान्याच्या टोकाला तेवढ्या किलोंचा जोर). गंमत म्हणून आवळायचा नट नव्हे हा.

नंतरच्या बऱ्याच गाड्यांत शिमांऐवजी चुरगळणारी स्लीव्ह (पातळ नळी) आली. तिथं नट थोडा थोडा आवळत जायचं, प्रीलोड बघत थांबायचं. जास्त आवळला गेला तर सैल करून चालत नाही, स्लीव्हच नवी घालायची. त्या गाड्यांवर ज्यांचा हात बसलाय ते जीपवरही नटाशीच खेळतात. नवीन बेअरिंगं घातली, नट पूर्ण आवळला, पिनियन जड झाला. मग शिम घालायची सोडून नट अर्धा फेरा मागं घेतात, स्प्लिट पिन ठोकतात. पिनियन हाताला कसा गुळगुळीत फिरतो! गिऱ्हाईक खूश, गाडी बाहेर.

माझ्या जीपमध्ये आधी कुणीतरी हेच केलं होतं. स्प्लिट पिन काढली आणि नट साध्या पान्यानं, विनापाइपचा सुटला, तेव्हाच मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. आत बाहेरच्या बेअरिंगचा कोन शाफ्टवर फिरलेला. शाफ्टवर गोल रेघा, हात लावला तर नखाला लागणाऱ्या. शिमा तर बघण्यासारख्या होत्या. ढीग मोकळा राहिल्यामुळं वर्षानुवर्षं ठोके खाऊन त्यांच्या कडा बाहेर वळल्या होत्या, मध्ये आरशासारखी चकाकी आलेली. एकीचा तर चंद्रकोरीएवढा तुकडा उरला होता, बाकीचा भाग ऑइलमध्ये गाळ होऊन तळाशी. मूळ जाडी किती असेल हे विचारायची सोयच नव्हती. पण क्राऊन आणि पिनियनचे दात चांगले होते, आणि दोघांवरचा जोडीचा नंबरही जुळत होता. ही जोडी कारखान्यातच एकमेकांवर घासून तयार करतात, त्यामुळं एकाचा दात गेला तर दोन्ही बदलावे लागतात. ते टळलं. शाफ्टला मायक्रोमीटर लावला, बेअरिंगच्या जागी झीज अर्ध्या थाऊच्या आतली. चालवून घेतलं. हा मायक्रोमीटर वडिलांचा. ते गिरणीत फिटर होते, गिरणी बंद झाली आणि मायक्रोमीटर घरी आला.

मिस्त्रींविषयी सांगायला हवं. शहराच्या पूर्व भागातले, वयानं माझ्यापेक्षा मोठे, हाताखालच्या पोराशी तेलुगूत बोलतात, माझ्याशी मराठीत आणि बेअरिंगशी कधी कधी कन्नडमध्ये. बेअरिंगचा कप (बाहेरची कडी) हौसिंगमध्ये तांब्याच्या ड्रिफ्टनं ठोकताना मी वाकून फट बघत होतो, त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "बसला." ठोक्याचा आवाज भरीव झाला होता. मी फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) लावून बघितलं, खरंच बसला होता. कानाला मी मानलं. पण प्रीलोडच्या वेळी त्यांनी योक दोन बोटांनी फिरवला आणि म्हणाले, "हातालाच कळतंय की मालक, ह्याला काय मोजायचं?"

मला हे पटत नाही. हाताला कळतं ते खोटं नाही, पण हात कशावर शिकला ते बघावं लागतं. आयुष्यभर ज्यानं वापरलेल्या बेअरिंगांचे पिनियन फिरवले, त्याला नवीन बेअरिंगाचा बरोबर प्रीलोड जडच वाटणार. पुस्तकाप्रमाणे या हौसिंगचा पिनियन फिरवायला नवीन बेअरिंगांवर 20 ते 40 इंच-पौंड जोर लागतो, जुनी घातली तर साधारण निम्मा, 10 ते 20. शिवाय ऑइल सील आधीच ठोकलेलं असलं तर त्याची पकड वेगळीच, आणि ग्रीस भरून बेअरिंग बसवलं असलं तर त्याचाही जडपणा हाताला लागतो. हे सगळं मिळून दोन बोटांत येतं. त्यातलं बेअरिंगाचं किती हे बोटांना सांगता येत नाही.

इंच-पौंडवाला बारीक टॉर्क रेंच माझ्याकडं नाही, आणि एका कामासाठी घ्यायचाही नव्हता. भंगारातून मागाची एक बिडाची व्ही-पुली काढली, लेथवर चढवली आणि दोरी जिथं बसेल तिथला व्यास बरोबर 20 सेंटीमीटर करून घेतला. मधलं भोक मोठं केलं आणि मागून दोन पट्ट्या जोडल्या. त्या पट्ट्या योकच्या कानांवर क्रॉसच्याच (शाफ्टच्या सांध्याच्या) यू-बोल्टनी आवळल्या जातात. डायल गेज लावून पुली मध्यावर आणली, कारण ती लंगडी फिरली तर प्रत्येक फेऱ्यात काटा वर-खाली होतो. 20 व्यास म्हणजे 10 त्रिज्या, आणि हिशोब तोंडी होतो. 20 इंच-पौंड म्हणजे 23 किलो-सेंटीमीटर. त्याला 10 नं भागलं की 2.3 किलो. 40 चे 4.6. दोरी पुलीवर गुंडाळायची, टोकाला ताणकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा) अडकवायचा, ओढायचं. काटा 2.3 ते 4.6 च्या मध्ये राहिला की झालं. पिनियनला दुसरं काही जोडलेलं नको : क्राऊनसकट डिफरन्शियल बाहेर, सील अजून बसवायचं बाकी, बेअरिंगला ग्रीस न लावता हलकं ऑइल.

ताणकाटा रद्दीवाल्याकडं असतो तो शंभर किलोचा चालत नाही, त्यावर दोन आणि तीन किलोंत फरकच कळत नाही. दहा किलोचा घ्या, आणि घेतल्यावर साखरेची बंद पिशवी टांगून खात्री करा. शंभरवालाही वाया जात नाही. नट आवळायला मी तोच वापरला : चार फुटी पाइप, म्हणजे 1.2 मीटर, टोकाला काटा, काट्यावर 24 किलो येईपर्यंत ओढायचं. 28.8 किलो-मीटर झाले, बरोबर मधोमध. योक फिरू नये म्हणून त्याला एक लांब पट्टी बांधून जमिनीला टेकवलेली.

वाचनाच्या दोन खोडी आहेत. दोरी ओढायला लागलं की काटा पहिल्या क्षणी उडी मारतो, तो सुटण्याचा जोर. तो धरायचा नाही. फिरायला लागल्यावर एकसारखा ओढत असताना काटा जिथं स्थिर राहतो तोच आकडा. आणि नट आवळल्या-आवळल्या मोजायचं नाही. पिनियन दोन्ही बाजूंनी भरपूर फिरवायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. न बसलेल्या रोलरवरचा आकडा थोड्या वेळानं बदलतो. ताणकाटाही आडवा ओढा. उभा लोंबकळत ओढला तर त्याचं स्वतःचं वजन हिशोबात शिरतं.

सुरुवात मुद्दाम जास्त शिमांनी केली. नट पूर्ण जोरानं, तरी योकला प्ले. एकेक शिम कमी करत गेलो. तीन, पाच आणि दहा थाऊच्या शिमा मिळतात, त्यांच्या बेरजा-वजाबाक्या करायच्या. प्रत्येक वेळी नट सोडा, पुली काढा, योक काढा, तांब्याच्या हातोडीनं पिनियन आत ठोका (आतून पोरानं धरायचा, खाली पडू द्यायचा नाही), कोन काढा, शिम बदला, परत सगळं. कंटाळवाणं काम आहे. मध्येच पाणी आलं. सोलापूरकरांना सांगायला नको, नळाला पाणी आलं की शिमा-बिमा सगळं बाजूला आणि पिंप भरणं आधी. मिस्त्रीही त्यांच्या घरी पळाले.

प्ले गेल्यानंतरचा टप्पा झटकन येतो. प्ले नाही पण काटा एक किलोच्याही खाली, अशा ठिकाणी मिस्त्रींनी योक फिरवून बघितला आणि म्हणाले, "आता बरोबर." म्हणजे त्यांचा हात जुन्या बेअरिंगांच्या खालच्या टोकाच्याही खाली थांबत होता. पुढची तीन थाऊची शिम काढली आणि काटा 3 च्या जरा वर जाऊन थांबला, फिरवताना तिथंच राहिला. त्यांनी परत योक धरला. "जड हाय," म्हणाले. मग दोरी स्वतः ओढली, काटा डोळ्याजवळ नेऊन बघितला, आणि पुस्तकातला आकडा मला पुन्हा विचारला. त्यावर जास्त काही बोलले नाहीत. नव्या बेअरिंगाचा ताण पहिल्या काही दिवसांच्या चालण्यात थोडा उतरतो, म्हणून खालच्या टोकापेक्षा मध्यावर ठेवलेला मला बरा वाटला.

बाकीचं भरभर सांगतो. पिनियनची खोली ठरवणाऱ्या शिमा वेगळ्या, आतल्या बेअरिंगच्या कपामागच्या. त्या जुन्याच मापाच्या ठेवल्या, पण नवीन बेअरिंग आलंय म्हटल्यावर दात कुठं टेकतात ते बघणं भाग होतं. त्यासाठी शेंदूर ऑइलमध्ये कालवून क्राऊनच्या काही दातांवर लावला आणि क्राऊनला थोडा अडवून फिरवला. ठसा दाताच्या मध्यावर आला. शेंदूर म्हणजे शिशाचा आहे, काम झाल्यावर साबणानं हात धुऊनच भाकरीला बसा. मिस्त्रींचं पोर तसंच शेंगाचटणीकडं निघालं होतं, त्याला परत पाठवला. बाजूच्या बेअरिंगांच्या शिमा होत्या तशाच घातल्या.

खरा वैताग हबनं दिला. या जीपचे मागचे हब, म्हणजे चाकं ज्यांवर बसतात ते, अॅक्सलच्या टेपरवर आणि चावीवर बसतात, आणि एकदा बसले की उठत नाहीत. पुलर लावून ताणून रात्रभर ठेवला तर पहाटे कधीतरी गोळी सुटल्यासारखा आवाज होतो आणि सुटतो. नट पूर्ण काढून ठेवू नका, चार आटे राहू द्या, नाहीतर हब, ड्रम आणि पुलर मिळून भिंतीवर जातात.

सील शेवटी बसवलं, नट परत त्याच 24 किलोवर, आणि नवीन स्प्लिट पिन. भोक जुळलं नाही तर नट पुढंच न्यायचा, मागं घ्यायचा नाही. शिमांवर दाबून बसलेल्या नटाला थोडं पुढं नेल्यानं प्रीलोडमध्ये सांगण्यासारखा फरक पडत नाही. ऑइल हायपॉइडचं, 90 नंबर. पिनियनचा मध्य क्राऊनच्या मध्याशी येत नाही, त्यामुळं दात एकमेकांवर घासत सरकतात आणि साधं ऑइल तिथं टिकत नाही. गंधकाचा तो उग्र वास येतो ना, तोच त्यातला कामाचा माल.

गाडी आधी तुळजापूर रोडला बेतानं चालवली. थांबून पिनियनच्या नाकाडावर हात ठेवला. कोमट. हात ठेवता येत नसेल इतकं तापलं तर प्रीलोड जास्त आहे असं समजून परत उघडायचं; नवीन बेअरिंग थोडं तापतंच, पण हात पोळू नये. पन्नासला आवाज गेलाय म्हणणार नाही, दातांनी इतकी वर्षं चुकीच्या जागी टेकून काढलीत, ते थोडं गुणगुणतात. पण पाय काढल्यावर सूर बदलत नाही आता, आणि योक हलत नाही.

पुली सध्या मिस्त्रींकडं आहे. त्यांच्याकडं दुसरी एक जीप आलीय, त्या योकचे कान जरा रुंद आहेत आणि माझ्या पट्ट्या बसत नाहीत. काल फोन आला होता, "मालक, पट्ट्यांना लांब खाचा पाडून द्या, सगळ्यांना बसतील." सोमवारी पुली घेऊन येतो म्हणाले.